डॅलसला जायलास ना, मग टिपचं गणित निघायच्या आधीच समजून घे

भाऊ, तू विचारलंस की ऑगस्टात एमएससाठी डॅलसला जायलोय, तिथं डिलिव्हरीवाल्याला टीप द्यावीच लागती का, नाही दिली तर काय होतंय, आणि अजून कुणाकुणाला द्यायची. मी मूळचा सेलूचा, इकडं येऊन नऊ वर्षं झाली. जरा सविस्तरच लिहितो, कारण मला हे निघताना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यापायी माझा पाय दोन-चार कष्टकऱ्यांच्या पोटावर पडला, ते अजून मनातून जात नाही.

आधी डोक्यातून बक्षिसी हा शब्द काढ. आपल्याकडं हॉटेलात बडीशेपेच्या बशीत दहा-वीस ठेवले तर ठेवले, नाही ठेवले तर पोरगा मनावर घेत नाही, कारण त्याचा पगार मालक देतो. इथली टीप म्हणजे मोंढ्यातली हमाली समज. पोतं उतरवलं की हमाली पट्टीत लागते, ती भीक आहे असं कुणी म्हणत नाही, ती त्या माणसाची मजुरी. फरक एवढाच की तिकडं हमालीचा दर ठरलेला असतो आणि इथं तो तुझ्यावर सोडलेला आहे.

टेक्सासात वेटरला मालकानं तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्यानं चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. साधं किमान वेतन ७.२५ डॉलर, ते २००९ पासून तिथंच. टीप धरूनही ७.२५ भरले नाहीत तर उरलेले मालकानं घालायचे असा नियम आहे, म्हणजे तुझ्या टिपेतला पहिला वाटा मालकाचाच पगार वाचवतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत वेटरला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, तरी लोक तिथंही टीप देतातच. मला स्वतःला ही पद्धत अजिबात पटत नाही, मालकानंच पुरता पगार द्यावा, पण पद्धतीवरचा राग ताटं उचलणाऱ्या पोरीवर काढायचा नसतो.

आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्ही तिघं पोरं एका हॉटेलात जेवलो, ३८ डॉलर झाले आणि आम्ही दोन डॉलर ठेवून उठलो, आम्हाला वाटलं दीडशे रुपये दिलेत की, बस झालं. ती वेट्रेस दारापर्यंत आली आणि हळू आवाजात विचारलं, माझं काही चुकलं का? रागानं नाही, खरंच विचारत होती. नंतर कळलं की बऱ्याच ठिकाणी वेटरला दिवसाच्या विक्रीवर बारवाल्याला आणि टेबल पुसणाऱ्याला वाटा द्यावा लागतो, मग तुम्ही टीप देवा नाहीतर नका देऊ. म्हणजे आम्हाला जेवू घालून ती घाट्यात गेली.

तर हॉटेलात बसून जेवलास की १८ ते २० टक्के धर, १५ च्या खाली जाऊ नको. टॅक्सच्या आधीच्या रकमेवर काढलं तरी चालतं. समजा जेवण ४० चं, डॅलसचा टॅक्स ८.२५ टक्के म्हणजे ३.३० आणि १८ टक्के टीप ७.२०, झाले ५०.५०. मेनूतला आकडा बघून ऑर्डर द्यायची नाही, हा शेवटचा आकडा बघून ठरवायचं. आणि सहा-आठ जणं मिळून गेलात तर बिल नीट वाच, ग्रॅच्युइटी म्हणून टीप आधीच लावलेली असते, मग परत द्यायची गरज नाही.

आता डिलिव्हरी. ॲपवर डिलिव्हरी फी दिसती, सर्व्हिस फी दिसती, आपल्याला वाटतं दिले की एवढे. पण ती टीप नव्हे, ती कंपनीकडं जाती. ड्रायव्हर बहुतेक वेळा कंपनीचा नोकर नसतोच, गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, टायर घासले तर ते पण त्याचेच. ऑर्डर घ्यायच्या आधी त्याला स्क्रीनवर टीप धरून अंदाजे रक्कम दिसती, कमी दिसली की तो सोडून देतो, मग दुसऱ्याकडं जाती, तो पण सोडतो, आणि तुझी बिर्याणी तिकडं काउंटरवर थंड होत बसती. नाही दिली तर काय होतं म्हणालास ना, हे होतं.

माझी दुसरी गोष्ट सांगतो. फेब्रुवारीतली रात्र, जिन्यावर बर्फाचा पातळ थर, मी किराणा मागवलेला, त्यात पाण्याच्या बाटल्यांचे दोन क्रेट आणि वीस पौंडाची तांदळाची बॅग. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार उघडलं तर आईच्या वयाची बाई. एक क्रेट दारात ठेवला, चष्म्यावर वाफ धरलेली ती स्वेटरच्या बाहीनं पुसली आणि परत खाली गेली दुसरा आणायला, मग तिसऱ्यांदा तांदूळ आणायला. मी टीप शून्य टाकलेली आणि तिला ते येतानाच माहीत असणार. गुड नाइट म्हणून गेली. मी तिथंच मोबाईल काढला, नंतर टीप वाढवता येती हे त्या दिवशी कळलं, दहा डॉलर टाकले. त्यानंतर शून्य कधी टाकलेलं नाही.

साधं जेवण असेल तर कमीत कमी ४-५ डॉलर, मोठी ऑर्डर असेल तर १५-२० टक्के, पाऊस, बर्फ, जिने, लांबचं अंतर असलं की वाढव. आणि एक काम कधीच करू नको, ऑर्डर लवकर यावी म्हणून आधी मोठी टीप दाखवून सामान आल्यावर कमी करणं. काही पोरं करतात, मला ती चोरीच वाटती. ज्या महिन्यात टीप जड जायलीय त्या महिन्यात मागवूच नको, स्वतः जाऊन घेऊन ये, पिकअपला टीप द्यावी लागत नाही.

बाकीचं पटपट सांगतो. न्हाव्याला १५-२० टक्के, टॅक्सीला पण तेवढंच. हॉटेलात मुक्कामी राहिलास तर खोली झाडणाऱ्या बाईसाठी रोज २ ते ५ डॉलर आणि रोजच्या रोज ठेव, उद्या दुसरीच बाई येऊ शकती. कॉफीच्या दुकानात काउंटरवर स्क्रीन फिरवून टीप विचारतात, तिथं मनात असलं तर दे, नो टीप दाबलं म्हणून लाज वाटून घेऊ नको. बर्गरच्या दुकानात नाही. सरकारी पोस्टमनला रोख पैसे कधीच नाही, त्याला ते घेताच येत नाहीत, सणाला वीस डॉलरच्या आतली वस्तू दिलीस तर चालतं. पोलीस, डॉक्टर, ऑफिसातला माणूस यांच्या तर नादीच लागू नको, ते लाच समजतील.

अजून एक, विषय थोडा वेगळा आहे पण सांगतोच. डिलिव्हरीत पैसे दिसतात म्हणून दुसऱ्याच्या अकाउंटवर गाडी चालवणारी विद्यार्थी पोरं तुला भेटतील, तुला पण विचारतील. एफ-वन म्हणजे आपल्या विद्यार्थी व्हिसावर ते बेकायदेशीर आहे, सापडलास तर शिक्षण तिथंच थांबतं आणि घरच्यांनी काढलेलं कर्ज डोक्यावर राहतं. कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, ते कर.

आल्यावर बँकेतून एक-एक आणि पाच-पाच डॉलरच्या थोड्या नोटा घेऊन पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेव, सुट्टे नसले की द्यायची इच्छा असून हात आखडतो. सामान काय काय आणायचं ते पण विचारलं होतंस, त्याचं उद्या लिहितो.