हेरल्ड व्हायचंय, पण अर्ज कुठे करायचा?

प्रश्न: मी इतिहासात एमए केलंय. सप्टेंबर 2022 मध्ये लंडनच्या सेंट जेम्स पॅलेसमधून राजे चार्ल्स यांच्या नावाने द्वाही फिरली, तो व्हिडिओ बघितल्यापासून डोक्यात तेच बसलंय. ते लाल-निळे-सोनेरी अंगरखे घातलेले लोक म्हणजे हेरल्ड, राजाच्या वतीने घोषणा करणारे आणि कुलचिन्हं देणारे अधिकारी, हे नंतर कळलं. मला हे काम करायचंय. भरती कशी होते, पगार किती, आणि नाहीच जमलं तर त्याच्या आसपासचं दुसरं काय करता येईल?

उत्तर: आधी हे समजून घ्या की परीक्षा देऊन किंवा फॉर्म भरून मिळणारी ही पोस्ट नाही. इंग्लंडचे हेरल्ड ज्या संस्थेत असतात ती कॉलेज ऑफ आर्म्स 1484 मध्ये तिसऱ्या रिचर्डच्या सनदेने सुरू झाली, आणि आजही तिथे कायमच्या जागा फक्त 13 आहेत. वरून खाली तीन किंग ऑफ आर्म्स, सहा हेरल्ड आणि चार पर्सिव्हंट, पण बोलताना या सगळ्यांनाच हेरल्ड म्हणतात. नेमणूक राजा करतो, नाव सुचवतो अर्ल मार्शल, म्हणजे राजदरबारी समारंभांचा प्रमुख, आणि ते पद वंशपरंपरेने ड्यूक ऑफ नॉरफोककडे आहे. नवा माणूस साधारण पर्सिव्हंट म्हणून आत येतो आणि जागा रिकामी झाली की वर सरकतो, त्यामुळे कधी कधी वर्षानुवर्षं दारच उघडत नाही.

पगाराचं म्हणाल तर गार्टर किंग ऑफ आर्म्स, म्हणजे इंग्लंडमधला सगळ्यात वरचा हेरल्ड, त्याला वर्षाला 49 पौंड 7 पेन्स मिळतात. हेरल्डला 17 पौंड 80 आणि पर्सिव्हंटला 13 पौंड 95. हो, वर्षाला! हे आकडे 1830च्या दशकापासून तसेच आहेत. पण त्यांचं पोट या पगारावर चालत नाही, खरी कमाई क्लायंटच्या फीमधून होते. ऑफिसर आळीपाळीने ड्युटीवर असतात, त्या काळात जी चौकशी येते ती त्या ऑफिसरची केस होते आणि मग ते काम शेवटपर्यंत त्यानेच करायचं. म्हणजे नाव राजदरबारी असलं तरी रोजचा धंदा वकिलासारखा, आपली प्रॅक्टिस आपणच उभी करायची.

आणि काम काय तर समजा एखाद्या माणसाला किंवा संस्थेला कुलचिन्ह, म्हणजे ढालीवर काढलेलं स्वतःचं चिन्ह, हवंय. आधी अर्ल मार्शलच्या नावे अर्ज लिहून द्यायचा, त्यांची मंजुरी आली की डिझाइनवर चर्चा, मग ते कॉलेजच्या जुन्या नोंदींशी ताडून बघायचं, कारण आधी कुणाला दिलेल्या चिन्हासारखं ते असून चालत नाही. शेवटी वेलमवर म्हणजे कमावलेल्या कातड्यावर ते हाताने रंगवून, सनद हाताने लिहून, खाली किंग ऑफ आर्म्सच्या सह्या आणि मोहरा. दुसरं मोठं काम वंशावळीचं. पूर्वजाला चिन्ह मिळालं होतं असं कुणी म्हणाला तर वारस असल्याचं कागदाने सिद्ध करायला लागतं, मग 1837 नंतरचे जन्म-मृत्यूचे सरकारी दाखले, त्याआधीची 1538 पासूनची चर्चची रजिस्टरं, मृत्युपत्रं, कोर्टाचे लॅटिनमधले कागद असं मागे मागे जात राहायचं. तुम्ही व्हिडिओत बघितला तो अंगरखा, टॅबर्ड म्हणतात त्याला, तो पार्लमेंटचं उद्घाटन, जूनमधला विंडसरचा गार्टर या नाइटहुडच्या मानाचा समारंभ अशा वर्षातल्या मोजक्याच दिवशी अंगावर चढतो. बाकी सगळा वेळ कागद. हे कागद वाचताना ज्याला तासाचं भान राहत नाही त्यानेच या वाटेला जावं असं मला मनापासून वाटतं, नुसत्या समारंभाच्या ओढीने गेलात तर दम निघणार नाही.

मग आत शिरायचं कसं? कॉलेजमधल्या ऑफिसरांना रिसर्च असिस्टंट लागतात, हा त्यातल्या त्यात खरा दरवाजा. 2010 ते 2021 गार्टर असलेले थॉमस वुडकॉक हे आधी बॅरिस्टर, मग तिथेच रिसर्च असिस्टंट, आणि 1978 मध्ये पर्सिव्हंट. तेव्हा एखाद्या ऑफिसरला पत्र लिहायचं तर ‘मला हेरल्ड व्हायचंय’ असं लिहू नका, मला अमुक शतकाचं हस्ताक्षर वाचता येतं, लॅटिन येतं, हे बघा मी केलेलं काम, असं लिहा. जुनी लिपी शिकायला ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजचे फुकट ऑनलाइन धडे आहेत, तिथून आजच सुरुवात करा. पदवी हवी असेल तर ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटीत वंशावळ, जुनी लिपी आणि हेरल्ड्री म्हणजे कुलचिन्हांचं शास्त्र असा पोस्टग्रॅज्युएट कोर्स ऑनलाइन करता येतो, आणि कँटरबरीला 1961 पासून याच विषयाची एक स्वतंत्र संस्था आहे.

सोबत ब्लेझन पक्कं करा. ढालीवर काय आहे हे ठरलेल्या शब्दांत असं सांगायचं की समोरच्याने न बघता तेच चित्र काढावं. ‘अ‍ॅझ्युअर, अ बेंड ऑर’ एवढंच म्हटलं की निळी ढाल, त्यावर वरच्या कोपऱ्यातून खालच्या विरुद्ध कोपऱ्याकडे जाणारा सोनेरी तिरका पट्टा. याच एका ढालीवरून स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन सरदारांचा 1385 ला दावा सुरू झाला, शेकडो साक्षीदार आले, कवी चॉसरनेही साक्ष दिली आणि स्क्रोप जिंकला. रोज एक ढाल बघून ब्लेझन लिहा आणि दुसऱ्या दिवशी चित्र न बघता त्यावरून ढाल काढा, चूक लगेच दिसते.

आता आसपासच्या नोकऱ्या. आर्काइव्हिस्ट, म्हणजे जुने दस्तऐवज सांभाळणारा, ही सगळ्यात भरवशाची, फक्त तिला वेगळी पोस्टग्रॅज्युएट पदवी लागते. वंशावळ शोधून देणारे स्वतंत्र रिसर्चर फीवर काम करतात. लिलावगृहांत आणि म्युझियममध्ये चांदीच्या ताटावर किंवा पुस्तकाच्या आतल्या चिठ्ठीवर चिन्ह दिसलं की मालक कोण आणि काळ कोणता हे सांगणारा माणूस लागतो, आणि अशी माणसं कमी आहेत. एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ छापून विकणारे पुष्कळ आहेत, पण इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाला नसतंच, एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना असतं. तसलं काम बायोडेटावर लिहिलंत तर जाणकार माणूस तुम्हाला उभं करणार नाही.

प्रश्न: मी ग्राफिक डिझायनर आहे, कागदपत्रांत रस नाही पण ही चित्रं काढायला फार आवडतात. माझ्यासाठी काही?

उत्तर: आहे की, आणि कदाचित वरच्यापेक्षा लवकर. सनदा रंगवणारे आर्टिस्ट आणि लिहिणारे कॅलिग्राफर वेगळे असतात आणि त्यातले बरेच फ्रीलान्स काम करतात. मात्र कॉम्प्युटरवरचा पोर्टफोलिओ पुरणार नाही, ब्रश, गुआश रंग आणि सोन्याचा वर्ख हातात बसलेला हवा. सिंह सगळेच काढतात, पण ढालीचा आकार बदलला की सिंहाला त्यात ताणून नीट भरता येतो का हे बघतात. इंग्लंडात सोसायटी ऑफ हेराल्डिक आर्ट्स आहे, तिच्या सदस्यांचं काम आधी बारकाईने बघा. अमेरिकेत लष्कराची इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्ड्री व्हर्जिनियात फोर्ट बेल्व्हॉरला आहे, बिल्ले, पदकं, झेंडे यांची डिझाइन्स तिथे होतात आणि तिथे पगारी इलस्ट्रेटर असतात, पण ती केंद्र सरकारची नोकरी असल्याने सहसा अमेरिकन नागरिकत्व लागतं.

प्रश्न: दर महिन्याला पगार मिळेल अशी हेरल्डची नोकरी जगात कुठेच नाही का?

उत्तर: आहे, कॅनडात. तिथे 4 जून 1988 ला स्वतःची हेराल्डिक अथॉरिटी सुरू झाली, ती ओटावाला गव्हर्नर जनरलच्या ऑफिसात आहे आणि तिथले पूर्णवेळ हेरल्ड सरकारी कर्मचारी आहेत. त्यांच्या पदांना फ्रेझर, सॅग्ने अशी नद्यांची नावं आहेत. काम इंग्लिश आणि फ्रेंच दोन्हीत चालतं, त्यामुळे फ्रेंच येत नसेल तर हेरल्ड्रीच्या पुस्तकाआधी फ्रेंचचा क्लास लावा. आयर्लंडमध्ये चीफ हेरल्डचं ऑफिस डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीचा भाग आहे, स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन हे चक्क न्यायाधीश आहेत आणि एडिनबरोला त्यांचं कोर्ट चालतं. या सगळ्या ऑफिसांत माणसं अगदी थोडी, त्यामुळे एकाच देशावर नजर लावून बसू नका आणि तोवर आर्काइव्हजमधली नोकरी धरून ठेवा.