१४,२७२ रुपये महिना

पोरी,

तुझा मेसेज परवाच वाचला. ब्लू टिक बघून काका उत्तर का देईनात म्हणून वैतागली असशील, पण एवढ्या मोठ्या प्रश्नाला अंगठ्याचं चित्र पाठवून कसं भागेल, म्हणून काल रात्री जेवण झाल्यावर वही-कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि आता हे लांबलचक टाइप करतोय. चुका असतील, समजून घे, मोबाइलवर मराठी टाइप करायला मला अजून नीट जमत नाही.

तर कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, तुला सरकारी कॉलेजात सिव्हिल लागतंय, आणि बाबांच्या ओळखीतल्या कुणीतरी पुण्यात प्रायव्हेट कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातनं कॉम्प्युटर मिळवून देतो म्हणून सांगितलंय. फी वर्षाला २ लाख, होस्टेल-मेस सव्वा लाख, आणि वरचे ३ लाख रोख, त्याची पावती नाही. बाबा म्हणतायत करू कायतरी, ८ लाखांचं लोन काढू. आणि तू विचारलंयस, "काका, नंतर पगारातनं फिटेल ना?"

फिटेल. लोन फिटतंच गं, कुणाचं तरी काहीतरी विकून का होईना. बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी कर्जाच्या टेबलावर, त्यामुळं फिटेल का हा प्रश्न मी पाच हजार वेळा ऐकलाय. फिटेपर्यंत आपलं काय होईल, हे मात्र फार कमी जणांनी विचारलं.

आधी आकडे बघ. दरवर्षी २ लाख असे चार वर्षांत ८ लाख बँक कॉलेजच्या खात्यात टाकणार. व्याज १० टक्के धर, हिशोबाला सोपं. आता सगळ्यांना वाटतं की शिक्षण चालू असताना व्याज लागत नाही, हप्ता नसतो म्हणजे व्याज नाही असंच लोक धरून चालतात, आणि एजंट लोक पण ते दुरुस्त करत नाहीत. हप्ता नसतो, व्याज असतं. पहिल्या वर्षीच्या २ लाखांवर शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक सवलतीचं वर्ष मिळून पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचं, असं करत करत २ लाख ८० हजार. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा तुझ्या नावावर ८ नाही, १० लाख ८० हजार असतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिना १४,२७२ रुपये. पंधरा वर्षं घेतलीस तर ११,६०६, पण मग एकूण जवळपास २१ लाख जातात. ८ लाखांचे २१ लाख. आणि ह्यात ते पावतीविना जाणारे ३ लाख नाहीतच, बाबांनी घरातून घालायचे ५ लाख पण नाहीत.

(बाबांनी शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेलं, पहिल्या वर्षी महिना १,६६७, दुसऱ्या वर्षी ३,३३३ असं, तर मुद्दल ८ लाखच राहतं आणि हप्ता १०,५७२ वर येतो, वर बऱ्याच बँका व्याजात १ टक्का सूट पण देतात. लोन कुठलंही काढा, हे मात्र नक्की करा. पण चौथ्या वर्षी हे व्याज महिना ६,६६७ होतं, आणि द्राक्षाच्या बागेला महिन्याच्या महिन्याला पगार नसतो हे मी तुला सांगायला नको, एप्रिलमध्ये एक गारपीट आली की झालं.)

आता पगार. मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशरना वर्षाला साडेतीन लाखाच्या आसपास देतात, आणि गंमत म्हणजे हा आकडा दहा-बारा वर्षांपूर्वी पण जवळजवळ हाच होता. पुण्यातला वडा-पाव, रूमचं भाडं, बसचं तिकीट सगळं वाढलं, हा तेवढा नाही वाढला. त्यातनं कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल असलं सगळं वजा जाऊन हातात पंचवीस-सव्वीस हजार येतात. हिंजवडीकडं शेअरिंगमध्ये रूम सात-आठ हजार, मेस साडेतीन, हप्ता चौदा. कर बेरीज. घरी यायला एसटीचं तिकीट बसतंय का बघ त्यात. एजंट म्हणाला ना बाबांना की लोनवर टॅक्स वाचतो? एज्युकेशन लोनच्या व्याजाची वजावट मिळते हे खरं, पण ती जुन्या पद्धतीनं रिटर्न भरलं तरच, आणि साडेतीन लाखावर मुळात टॅक्सच बसत नाही तर वाचवणार काय, डोंबल!

"पण काका, कॉलेजच्या गेटवर ४२ लाखांचं पॅकेज म्हणून बॅनर लागलाय." लागलेला असणारच. तो एका पोराचा आहे, कदाचित दोघांचा. तू असं कर, त्या कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफ नावाचं पान शोध, सरकारी रँकिंगसाठी कॉलेजनं स्वतः भरून दिलेली पीडीएफ असते. त्यात शेवटच्या वर्षाला किती पोरं पास झाली, त्यातली किती नोकरीला लागली आणि मीडियन पगार किती, हे तीन आकडे असतात. मीडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीनं उभं केलं तर मधोमध उभा असलेल्याचा पगार. आपण मधलेच आहोत असं धरून हिशोब करायचा, वर गेलो तर देवाची कृपा. आणि ती पीडीएफ सापडलीच नाही तर त्यावरून काय ते समज.

आता मला जे खरं सांगायचंय ते. २०१० च्या आसपास आपल्याकडं इंजिनिअरिंग कॉलेजं गावोगाव निघाली होती, डोंगर फोडून इमारती उभ्या राहिल्या. आणि आमच्या शाखेला एज्युकेशन लोनचं टार्गेट असायचं. मी भराभर फायली मंजूर केल्या, लोकांनी पेढे दिले, मी खाल्ले. त्यातला एक पोरगा अजून डोक्यातनं जात नाही. वडिलांच्या दोन म्हशी आणि दीड एकर, लोन पावणेचार लाख, मेकॅनिकल. पास झाल्यावर चाकणला कॉन्ट्रॅक्टवर लागला, १२ हजार. हप्ता साडेपाच हजार, तो अर्धा भरायचा आणि अर्धा वडील डेअरीच्या बिलातनं आणून द्यायचे, रुमालात बांधून. दोन वर्षांनी त्याला सोलर पंप बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ट्रेनी म्हणून घेत होते, पहिलं वर्ष ९ हजार. त्याला ते काम मनापासून आवडलेलं, शेतात जाऊन मोटारी खोलत बसणारा पोरगा तो. माझ्याकडं आला, म्हणाला साहेब एक वर्ष हप्ता थांबवता येईल का. नाही थांबवता आला. खातं आधीच मागं-पुढं चाललं होतं, वरून एनपीएचा, म्हणजे थकलेल्या खात्यांचा, दबाव, मी नियम सांगितला. तो चाकणलाच राहिला. लोन फिटलं बघ, पूर्ण फिटलं, माझ्या रेकॉर्डला ते चांगलं खातं म्हणूनच बंद झालं.

मला म्हणायचंय ते हेच. हप्ता नुसता पैसे खात नाही, तो तुला "नको" म्हणू देत नाही. वाईट साहेब, रात्रीची शिफ्ट, न आवडणारं काम, सगळ्याला हो म्हणावं लागतं कारण पाच तारखेला खात्यातून पैसे कटणार असतात. लोक म्हणतात पगार की समाधान, एक काहीतरी निवडा. अरे पण निवडायला हात मोकळे लागतात ना! बाविसाव्या वर्षी कमी पगाराचं पण शिकायला मिळणारं काम धरता येणं ही चैन आहे, आणि ती ज्याच्या डोक्यावर हप्ता नाही त्यालाच परवडते.

लोनच वाईट असं मी म्हणत नाही हां. आमच्याच शाखेतनं एका पोरीला नर्सिंगला ३ लाखांचं लोन दिलेलं, पास झाल्या झाल्या हॉस्पिटलात लागली, चार वर्षांत नील करून गेली आणि नंतर भावाला डिप्लोमाला तिनंच घातलं. तिथं शिक्षण आणि काम ह्यांचा थेट सांधा होता, रक्कम आवाक्यात होती, आणि तिला नर्सच व्हायचं होतं. तुझ्या मेसेजमध्ये मला ते शेवटचं कुठं दिसलं नाही. तू लिहिलंयस "सगळे कॉम्प्युटर घेतायत". हे कारण १६ लाखांचं नाही वाटत मला.

आता सरकारी कॉलेजचं. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात मुलींना, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. जुलै २०२४ चा जीआर आहे, बाबांना दाखव. पण प्रवेश कॅपमधनंच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला नाही, प्रायव्हेट किंवा अभिमत विद्यापीठाला नाही. म्हणजे जी फी शासन भरायला तयार आहे ती सोडून आपण १० टक्क्यांनी कर्ज काढून भरणार, वर ३ लाख रोख. अशी फीच्या वरची रक्कम, म्हणजे कॅपिटेशन फी, घ्यायला आपल्याकडं १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणूनच पावती देत नाहीत. उद्या अ‍ॅडमिशन रद्द केलंस तर ते पैसे मागायला कुठल्या तोंडानं जाणार?

आणखी एक, बाबांना वाटतंय शेत तारण ठेवू. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं, आणि शेतजमिनीला सरफेसी, म्हणजे बँकेला तारण जप्त करू देणारा कायदा, लागू होत नाही म्हणून बँका सातबारा बघून मान हलवतात, एनए प्लॉट किंवा घर मागतात. म्हणजे ह्या ८ लाखांसाठी तुमचं राहतं घर जाणार कागदावर, नाहीतर आईचं सोनं. आईला विचारलंय का कुणी?

सिव्हिलचं पण गोड गोड सांगत नाही. साइटवर सुरुवातीला पगार कमी, १८-२० हजार, ऊन, धूळ, आणि मुलगी साइटवर आली की मिस्त्री आधी आठ दिवस ऐकतच नाहीत. ज्युनिअर इंजिनिअरची सरकारी पोस्ट निघाली तर मूळ पगार ३८,६०० पासून आहे, पण एकेका जागेला किती अर्ज येतात ते विचारू नको, त्याच्या भरवशावर चार वर्षं काढायची नाहीत. गेट ही प्रवेश परीक्षा दिलीस आणि जमली तर एमटेकला महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो, शिकता शिकता. पण मला आठवतंय, तुमच्या शेततळ्याचं काम चालू होतं तेव्हा दहावीतली तू टेप घेऊन त्या कॉन्ट्रॅक्टरशी भांडत होतीस की उतार चुकलाय म्हणून. आणि चुकलाच होता. त्यावर मी निकाल देत नाही, तू त्या दिवशी जेवायला पण आली नव्हतीस एवढं फक्त आठवलं.

आणि कॉम्प्युटर खरंच पाहिजे असेल, म्हणजे शेजारीण घेते म्हणून नाही, रात्री जागून कोड लिहावासा वाटतो म्हणून, तर त्यालाही १६ लाखांची वाट एकटीच नाही. पुढच्या राउंडला जरा खालच्या कॉलेजचं कॉम्प्युटर कॅपमधनं मिळतंय का बघ, फी माफी तिथंही लागू. नाहीतर सांगलीत राहून बीसीएस, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी, कर आणि मग दोन वर्षांचं एमसीए, घरचं जेवण, फी त्या मानानं किरकोळ. सिव्हिल घेऊन एनपीटीईएल ह्या सरकारी ऑनलाइन शिकवणीवर प्रोग्रॅमिंगचे कोर्स फुकट करता येतात, आवडतंय का नाही ते सहा महिन्यात कळेल, एक रुपया न घालवता.

एक गोष्ट लिहू का नको करत होतो. बँकेत मुलीची फाइल असली की बाप हळूच विचारायचे, साहेब, लग्न झाल्यावर हे सासरचे फेडणार का आम्ही? मला राग यायचा, पण प्रश्न खोटा नव्हता. तू बत्तीस-तेहतीस वर्षांची होशील तेव्हा हा हप्ता संपेल. मधल्या दहा वर्षात कुणी तुझ्या पगाराकडं बोट दाखवून बोललेलं मला आवडणार नाही, आणि बाबांनी त्या दडपणाखाली घाईनं काही ठरवलेलं तर त्याहून नाही.

शेवटी जागा तुझी, ठरवायचं तू. माझं सगळं ऐकून पण तू पुण्याला जायचं म्हणालीस तर लोनची फाइल मी स्वतः बसून लावून देईन, फक्त रोखीचे ३ लाख देताना मी तिथं नसेन. एवढं मात्र कर, सीट फ्रीझ, म्हणजे पक्की, करायच्या तारखेआधी उत्पन्नाचा दाखला तहसीलमधनं काढून ठेव, महाडीबीटीच्या, म्हणजे फी माफीच्या सरकारी पोर्टलच्या, फॉर्मला लागतो, आणि बँक खातं आधारला जोडलंय का बघ, निम्म्या पोरांचे पैसे तिथंच अडकतात.

रविवारी मी घरी आहे. बाबांना घेऊन ये, आईला तर आणच. येताना बेदाणा आणू नका, गेल्या वेळचा दोन किलो अजून तसाच पडलाय.

तुझा,
काका