सगळ्यांचं झालंय, माझंच राहिलंय

गणपती उरकले आणि इंटर्नल परीक्षा तोंडावर आल्या की बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे यायला लागतात. बायोटेक, मायक्रो, बॉटनी, झूलॉजी, विषय कुठलाही असो, तक्रार जवळपास शब्दशः एकच: "मॅडम, ग्रुपवर सगळ्यांचं झालेलं दिसतंय. माझंच राहिलंय." सोबत आई-वडील असले तर त्यांचं वेगळंच: "दिवसभर मोबाईल. विचारलं तर म्हणते अभ्यासच करतोय." दोघंही खरं बोलत असतात.

यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिला सायली म्हणू. नाव खोटं आहे आणि तपशील दोन-तीन मुलांचे एकत्र केलेत.

सायली भुदरगड तालुक्यातली. वडिलांचा ऊस, दारात दोन म्हशी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सायन्स, नीटला मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत आणि कोल्हापुरात बायोटेकला प्रवेश. राजारामपुरीत कॉट बेसिसवर खोली, मेसचं जेवण. इथल्या पुष्कळ मुलींसारखी 'मी जातो, मी वाचतो' असं बोलणारी, एरवी धीट. पण पहिल्या भेटीत मोबाईल टेबलावर पालथा घालून नुसती बसून राहिली. मग तो उचलून ग्रुप उघडला आणि माझ्यापुढे सरकवला.

रात्री पाऊण वाजता कुणीतरी लिहिलेलं: 'सेल बायो युनिट २ डन', पुढे हिरवी खूण. खाली तीन रंगांच्या हायलायटरनं रंगवलेल्या वहीचा फोटो. मग कुणाची पीडीएफ, कुणी टाकलेले जुने पेपर, कुणाचं 'सेकंड रिव्हिजन स्टार्टेड'.

"हे आलं की तू काय करतेस?"

"सगळं डाउनलोड करतो."

"मग?"

"मग माझं वाचायचं सोडतो आणि त्यांचं वाचतो. त्यांचं जास्त चांगलं असणार ना?"

"आणि झोप?"

"कसली झोप. परत काय आलंय का बघत पडायचं."

रेशन भरून ठेवलं म्हणून स्वयंपाक होत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. फोन पीडीएफनी भरला होता आणि पहिल्या टेस्टला ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडलं जाण्याच्या, दहा पायऱ्यांतल्या चारच आठवल्या होत्या.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वळणाची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ही वाट दाखवली. माणसाला घटनेपेक्षा घटनेबद्दलचा त्याचा समज जास्त छळतो, तेव्हा आधी समज तपासायचा. पण तपासायचा कशानं, यात माझी स्वतःची एक सवय आहे: समोरच्याच्याच कामातली हत्यारं वापरायची. गवंडी आला तर ओळंब्याच्या भाषेत, दुकानदार आला तर खतावणीच्या. सायलीकडे तर प्रयोगशाळाच होती.

"सगळ्यांचं झालंय हे तुझं निरीक्षण. कशावरून?"

"ग्रुपवरून."

"ग्रुपमध्ये किती जण?"

"चौऱ्याऐंशी."

"आठवड्याभरात 'झालं' असं कितीजणांनी लिहिलं, मोज."

ती अंगठ्यानं वर वर सरकत राहिली. नावं परत परत तीच येत होती. सहा.

"आणि बाकीचे अठ्ठ्याहत्तर?"

"गप्प आहेत." मग स्वतःच म्हणाली, "सॅम्पलच चुकलं की हे. ज्यांचं झालंय तेच लिहितात. नाही झालेलं कोण कशाला लिहील?"

इथं थांबायचा मोह होतो, कारण उत्तर चपखल आहे. पण आकडेमोडीनं भीती जात नाही. म्हणून मी पुढचं विचारलं: "बरं, समजा चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशींचं खरंच झालं असेल. मग?"

ती खूप वेळानं बोलली. "मग मी परत मागं राहिलो. नीटसारखंच."

पहिल्या वर्षाच्या कितीतरी मुलांच्या पोटात हेच असतं. शाळेतली एखादी मैत्रीण एम.बी.बी.एस.ला गेलेली असते, आपण 'नुसतं बी.एस्सी.' करतोय ही बोच असते, आणि मग वर्गमित्राची हिरवी खूणसुद्धा निकालपत्रासारखी वाटते. एका परीक्षेत कमी मार्क पडले म्हणून माणूसच कमी ठरतो का, यावर आम्ही पुष्कळ बोललो. ते सगळं इथं लिहीत नाही. लिहायचंय ते त्यानंतरच्या एका भेटीबद्दल.

मी आर्ट्सची. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच सुटला, आणि या अज्ञानाचा मला धंद्यात फार उपयोग होतो. त्या दिवशी मी तिला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, नुकतंच वाचलेलं काहीतरी लिही.

"ग्रॅम स्टेनिंग. चार वेळा वाचलंय."

ही जिवाणूंना रंग देऊन त्यांचे दोन गट ओळखायची रीत. स्मिअर, हीट फिक्स, क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, एवढं भराभर लिहिलं. मग एकदम सॅफ्रानिन. पेन थांबलं. "मध्ये काहीतरी आहे." हात मोबाईलकडे गेला.

"राहू दे तो. प्रॅक्टिकलला तू स्वतः केलं होतंस?"

"हो! दोन दिवस बोटं जांभळी होती. मेसच्या काकी म्हणाल्या, काय जांभळं खाल्लीस का काय."

"मग आयोडीन धुतल्यावर हातात काय घेतलंस?"

तिनं डाव्या हाताच्या चिमटीत नसलेली स्लाइड तिरकी धरली. उजव्या हातानं नसलेला ड्रॉपर दाबला. "थेंब थेंब सोडायचं… खालून जांभळं पाणी यायचं थांबेपर्यंत… अल्कोहोल!"

"ते कशाला?"

"टू डिकलराइज."

"मला नाही कळलं. मराठीत सांग."

ती अडखळली आणि मग हळूहळू सांगायला लागली. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंची भिंत जाड असते, पेप्टिडोग्लायकनच्या थरांची. आत आयोडीनबरोबर बसलेला जांभळा रंग ती सोडत नाही. ग्रॅम निगेटिव्हची भिंत पातळ, वर चरबीयुक्त आवरण. अल्कोहोलनं ते आवरण विरतं, रंग धुऊन जातो, आणि मग सॅफ्रानिन दिलं की ते गुलाबी दिसतात.

"आणि अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं तर?" हे मी अगदी आपलं सहज विचारलं.

"मग…" ती थांबली. "मग पॉझिटिव्हचापण रंग जाईल. सगळेच गुलाबी दिसतील." आणि खुर्चीत पुढे सरकून, "मॅडम, आमच्या बेंचचं हेच झालं होतं! सर म्हणाले परत करा. का, ते आम्हाला कळलंच नव्हतं!"

तो कागद तिनं ओढून घेतला, सॅफ्रानिनच्या आधी बाण काढून 'अल्कोहोल' लिहिलं आणि खाली दोन ओळींत कारण लिहिलं. कुणाच्या पीडीएफमध्ये नसलेल्या, तिच्या स्वतःच्या ओळी. मी काही शिकवलं नव्हतं, शिकवण्याइतकं मला येतच नाही.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट तेव्हा पक्की जुळली. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलं होतं की आपण कुठं आहोत हे ठरवायला नेमकं माप हाताशी नसलं, की माणूस आजूबाजूच्यांकडे बघून स्वतःला मोजतो. बारावीपर्यंत क्लासच्या टेस्ट, दर आठवड्याचे मार्क. पहिल्या सेमिस्टरला ते एकदम बंद होतं. मापच गेल्यावर मुलं ग्रुपकडे बघणार नाहीत तर काय करतील? तेव्हा 'तुलना करू नकोस' हा सल्ला फुकट आहे. तिला तिचं माप हवं होतं, आणि ते त्या कोऱ्या कागदात होतं.

वाचन फसवं असतं, यालाही चांगला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांच्या लक्षात राहिलं होतं ४२ टक्के, लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के. त्याच संशोधनातल्या दुसऱ्या प्रयोगात, ज्यांनी वाचनच पुन्हा पुन्हा केलं त्यांना आपल्याला जास्त आठवेल असा विश्वास वाटत होता. प्रत्यक्षात आठवड्यानंतर तेच मागे पडले. ग्रुपवरचं 'डन' बहुतेक वेळा याच विश्वासातून आलेलं असतं. मुलं खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच झाल्यासारखं वाटतं.

मग सायलीनं ग्रुपवर एक प्रश्न टाकला, उत्तराशिवाय: 'अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर स्लाइडवर काय दिसेल? का?' ग्रुपवर शुकशुकाट. एकानं स्टिकर टाकला. अर्ध्या तासानं खासगी मेसेज आला, तोही हिरव्या खुणावाल्या मुलाचा: 'सांग की उत्तर. मला पण येईना.' तो दाखवताना ती इतकी हसली की बाहेर बसलेली पुढची मंडळी आत डोकावली.

पुढे तिचा चौघांचा वेगळा ग्रुप झाला. नियम एकच, तिथं नोट्स टाकायच्या नाहीत, प्रश्न टाकायचे. तिथंच एक गंमत उघडी पडली. मोठ्या ग्रुपवर फिरलेल्या मायटोसिसच्या, म्हणजे पेशीविभाजनाच्या, आकृतीत कांद्याच्या मुळाच्या पेशीला सेंट्रिओल नावाचा भाग दाखवला होता. वरच्या दर्जाच्या वनस्पतींच्या पेशीत सेंट्रिओल नसतं. कुणीतरी प्राण्याच्या पेशीची आकृती बघून काढली आणि निम्म्या वर्गानं जर्नलमध्ये उतरवली. स्वतः मायक्रोस्कोपखाली कांद्याचं मूळ बघितलेल्या मुलांनी! 'का' विचारणारा एक जण असता तर व्हायवाला एवढी बोलणी बसली नसती.

मुलांनो, दुसऱ्याच्या नोट्स जरूर घ्या, पण आपल्या वाचून झाल्यावर, ताडून बघायला. एक मुद्दा वाचला की वही मिटा आणि आठवेल ते लिहा. चुकलेलं लाल पेनानं भरा. तोच मुद्दा दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्यानं पुन्हा. ग्लायकोलिसिस एका बैठकीत गिळायला जाऊ नका, तीन-तीन पायऱ्या घ्या. मराठी माध्यमातून आला असाल तर आधी मराठीत समजावून सांगा, रूममेटला नाहीतर भिंतीला, आणि मग इंग्रजीत लिहा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून विषय कच्चा आहे असं समजून बसलेली फार मुलं मी बघते. दहानंतर ग्रुप म्यूट करा. सोडायची गरज नाही, परीक्षेच्या तारखा तिथंच कळतात.

आणि पालकांनो, मोबाईल काढून घेऊ का, हे विचारू नका. घेतलात तर मुलगी मैत्रिणीच्या मोबाईलवर तेच बघेल. त्याऐवजी आज काय समजलं ते मला सांग, म्हणा. तुम्हाला कळलं नाही तर आणखी चांगलं. सायलीच्या वडिलांनी फोनवर विचारलं तेव्हा ती बुरशीबद्दल सांगत होती. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या उसाची काणीच की. त्या काळ्या शेंड्याला आधी पिशवी घालायची आणि मग कापायचा, नाहीतर उडतंय सगळं रानभर." "ते स्पोअर्स असतात, आप्पा," ती म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी आप्पांचा तास असतो.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, कॉलेजला जावंसंच वाटत नसेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर हे कोरे कागद बाजूला ठेवा आणि माणूस गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

सायलीची दुसरी टेस्ट बरी गेली. मायक्रोत पहिल्या दहात आली, केमिस्ट्रीत जेमतेम पास. "केमिस्ट्रीचं काय करायचं?" मी विचारलं.

"त्या हिरव्या खुणावाल्याला केमिस्ट्री येते," ती म्हणाली. "खरंच येते. मी कागद देऊन बघितलंय."