बाहेरची माणसे, हक्काचे काम आणि मक्ता

प्रश्न असा आहे: अमेरिकी रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटनांमधल्या तंट्यांचे निवाडे मराठीत आणताना ‘कॉन्ट्रॅक्टिंग आउट’ला ‘कंत्राटीकरण’ म्हणावे का? आणि ‘क्लेम्ड वर्क’ला ‘हक्काचे काम’ चालेल का?

मी दोन्ही टाळेन.

‘कंत्राटीकरण’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो कंत्राटी कामगार. काम तेच, साहेब तोच, फक्त नोकरी कायम नाही. या तंट्यांत तसे नसते. रुळांच्या देखभालीचे एखादे काम, समजा मार्गालगतची झुडपे तोडणे, रेल्वे कंपनी दुसऱ्याच कंपनीला देते आणि ती स्वतःची माणसे, स्वतःची यंत्रे घेऊन येते. दाव्यांत यांना ‘आउटसाइड फोर्सेस’ म्हणतात. ‘बाह्य दले’ असे भाषांतर केलेत तर रुळांवर फौज उतरल्यासारखे वाटेल. ‘बाहेरची माणसे’ पुरे. त्याच ओघात ‘कॉन्ट्रॅक्टिंग आउट’ म्हणजे ‘काम बाहेर देणे’. ‘बाह्यस्रोतीकरण’ हवेच असेल तर आधी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

‘हक्काचे काम’ यात मात्र खरी गोम आहे. तो शब्द लिहिलात की निवाडा तुम्हीच देऊन मोकळे झालात! काम हक्काचे आहे की नाही, हाच तर वाद. संघटना म्हणते, अमुक मैलापासून तमुक मैलापर्यंतचे काम बाहेरच्यांना देऊन कंपनीने करार मोडला, म्हणून आमच्या अमुक माणसांना तेवढ्या तासांचा मोबदला द्या. कंपनीचे उत्तर ठरलेले: हे काम करारात फक्त तुमच्यासाठी राखलेले नाही, आणि तुमची माणसे त्या दिवशी पूर्ण पगारी कामावरच होती, मग नुकसान कसले? म्हणून ‘दावा सांगितलेले काम’. जरा लांबट आहे, पण कोणाची बाजू घेत नाही.

यातला बराचसा कीस पाडला जातो तो रेल्वे कंपन्या आणि देखभाल कामगारांची संघटना यांच्यातल्या १९६८च्या राष्ट्रीय कराराच्या चौथ्या कलमावर. कराराच्या व्याप्तीतले काम बाहेर द्यायचे तर निदान १५ दिवस आधी संघटनेला लेखी कळवायचे, अशी त्यात अट आहे. ही अट लागू व्हायला ते काम कामगार ‘कस्टमरिली’ करत आले असणे पुरेसे आहे, फक्त त्यांनीच केलेले असायला नको, असे अनेक निवाडे सांगतात. ‘कस्टमरिली’ला ‘रूढीने’ नको, त्याला लग्नकार्याचा वास येतो. ‘वहिवाटीने’ घ्या. वहिवाटीत करत आल्याचा पुरावा असतो, आणि इथे तोच मागतात.

दोन किरकोळ गोष्टी. त्यातली पहिली ‘किरकोळ’च. असलेल्या कराराचा अर्थ काय, या भांडणाला तिथे ‘मायनर डिस्प्यूट’ म्हणतात. त्यावर संप करता येत नाही, ते १९३४ साली स्थापन झालेल्या रेल्वे समायोजन मंडळाकडे किंवा तशाच लवादाकडे न्यावे लागते. देखभाल कामगारांचे दावे मंडळाच्या तिसऱ्या विभागापुढे येतात. ‘किरकोळ वाद’ लिहिले तर वाचक पान उलटेल, म्हणून ‘करारार्थाचा वाद’ म्हणा. दुसरी: निवाड्यात रेल्वे कंपनीला ‘कॅरिअर’ म्हणतात. ‘वाहक’ लिहू नका, तिकिटे फाडणारा उभा राहील.

राहिली ‘एक्स्क्लुझिव्हिटी’, म्हणजे हे काम फक्त आमचेच, हा मुद्दा. ‘मक्तेदारी’ हा शब्द जिभेवर येतो आणि इथे आपली भाषा गंमत करते. मक्ता म्हणजे मुळात ठेका, कंत्राट, आणि मक्तेदार म्हणजे तो घेणारा. (गझलेचा मक्ता वेगळा, पण ‘कापणे’ हा अरबी धातू दोघांचाही.) पुढे मक्तेदारीला ‘एकट्याचाच ताबा’ हा अर्थ चिकटला. म्हणजे जुन्या मराठीत बाहेरचा माणूस मक्तेदार, आणि आजच्या मराठीत त्याला अडवणारी संघटना मक्तेदारी सांगणारी! शिवाय आज ‘मक्तेदारी’ ही शिवीच आहे, कंपनीच्या वकिलाला फार आवडेल. मी ‘अनन्य हक्क’ लिहीन, आणि त्याच्या आधी दर वेळी ‘संघटनेने सांगितलेला’ किंवा ‘मंडळाने मानलेला’ हे जोडीन.