जीबी स्वस्त, रिचार्ज महाग

तुमचा प्रश्न असा की आपल्याकडे डेटा इतका स्वस्त, मग कामाला येणाऱ्या मावशींचं नेट महिन्यातले निम्मे दिवस बंद का? माझं मोबाईल दुरुस्ती-रिचार्जचं दुकान आहे, काउंटरवर जे रोज दिसतं ते सांगतो.

जीबीचा सरासरी भाव बघूच नका, सगळ्यात छोटा रिचार्ज बघा. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा १५५ वाला १८९ ला गेला. २८ दिवसांत मिळून २ जीबी, म्हणजे जीबीला साडेचौऱ्याण्णव रुपये. तेव्हाच ३४९ मारणाऱ्याला रोज २ जीबी, एकूण ५६. त्याला जीबी पडला सव्वासहा रुपयांना. सुटं तेल घेणाऱ्यालाही महागच पडतं, पण पंधरा पट नाही! शिवाय महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज.

फोनचंही तेच. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. सात हजारांच्या फोनमध्ये हजारावर रुपये कराचेच. म्हणून मावशी सेकंडहँड घेतात. ३२ जीबीचा, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी गच्च भरलेला, अँड्रॉइड इतकं जुनं की बँकेचं अ‍ॅप उघडत नाही. डिस्प्ले फुटला तर नवीन टाकण्यापेक्षा फोन बदललेला परवडतो, हे मीच गिऱ्हाइकाला सांगतो.

हप्त्यावर घ्यावा तर हप्ता महिन्याचा आणि कमाई रोजची. केनियात सफारीकॉम या मोबाईल कंपनीने २०२० मध्ये गूगलला सोबत घेऊन रोज २० शिलिंग भरून ४जी फोन द्यायला सुरुवात केली. पैसे थकले की फोन लॉक, हे जाचक आहेच. पण हप्ता कमाईच्या चालीने ठेवला, ते मला पटतं.

फक्त बोलण्यापुरता रिचार्ज का नाही, असं कोणी विचारेल. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, तो ठेवणं कंपन्यांना सक्तीचं केलं. मग जिओचा ८४ दिवसांचा आला, जानेवारी २०२५ मध्ये तो ४४८ ला होता. २८ दिवसांना दीडशेच्या आसपास पडला, म्हणजे १८९ वाल्यापेक्षा वाचले चाळीस, आणि त्यासाठी साडेचारशे एकदम काढायचे. अडलंय ते तिथेच.

तुम्हाला काही करायचंच असेल तर दिवाळीला साडीऐवजी वर्षाचा डेटावाला रिचार्ज मारून द्या. आधी मावशींना विचारा मात्र, साडीच हवी असेल तर साडी.