बंदिस्त शेळ्यांसाठी काय घ्यावं: मिनरल मिक्श्चर, चाटण वीट की कॅल्शियमची कॅन?

तुमचा प्रश्न असा आहे: दहा उस्मानाबादी शेळ्या आणि ईदसाठी वाढवलेले दोन खच्ची बोकड, सगळे बंदिस्त. शेळ्या भिंत चाटतात, पोती चघळतात. दुकानदाराने गाईचं चित्र असलेली पावडर, लाल वीट आणि कॅल्शियमची मोठी कॅन असं तिन्ही पुढे ठेवलंय, तर यातलं काय घ्यावं?

पावडर घ्या. विटेला पैसे असतील तर तीही टांगा, पण तिच्या भरवशावर राहू नका. कॅन सध्या दुकानातच राहू द्या, कॅल्शियम पावडरीतही असतं.

पण त्याआधी लेंड्या तपासून घ्या. भिंत चाटणं, माती खाणं, चिंध्या-पोती चघळणं हे मीठ कमी पडल्याने होतं, स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्याने होतं आणि पोटात जंत झाल्यानेही होतं. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. चार-पाच शेळ्यांच्या ताज्या लेंड्या डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. जंत तसेच ठेवून वरून महागडी पावडर चारली तर ती अंगी लागत नाही, आणि मग आपण कंपनीला शिव्या घालतो.

मी धाराशिवकडचा, अर्धबंदिस्त पद्धतीने शेळ्या पाळतो. मोकळी चरणारी शेळी बाभळीची शेंग, बोरीचा पाला, बांधावरचं काय काय असं दिवसभर निवडून खाते. तुमच्या शेळीपुढे तुम्ही गव्हाणीत टाकाल तेवढंच जग. म्हणून खनिजाचा विचार चाऱ्यापासून सुरू करावा लागतो. मेथीघास, शेवगा, सुबाभूळ, तुरीचं भुसकट असा चारा असेल तर कॅल्शियम बऱ्यापैकी मिळतं, स्फुरद कमी पडतं. मका भरडा, गव्हाचा भुसा (कोंडा), पेंड जास्त असेल तर उलट होतं, स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम तोकडं. नुसत्या कडबा कुट्टीत दोन्हीची बोंब. शिवाय मराठवाड्यातल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत जस्त (झिंक) कमी आहे, त्यामुळे आपल्या वैरणीतही ते कमीच येतं. (सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे नेऊ नका. त्यातलं मिमोसिन थायरॉईडच्या कामात अडथळा आणतं, केस गळतात.)

आता पावडरीचं पाकीट. पुढचं चित्र सोडा, मागची बाजू वाचा. जनावरांच्या खनिज मिश्रणासाठी आयएस 1664 हे भारतीय मानक आहे. त्यातल्या बिनमिठाच्या प्रकारात कॅल्शियम किमान 20 टक्के, फॉस्फरस 12 टक्के, मॅग्नेशियम 5 टक्के, झिंक 0.80 टक्के, कॉपर 0.10 टक्के आणि आयोडीन 0.026 टक्के लागतं. कोबाल्ट, मँगनीज, लोह, गंधक हेही असतात. फ्लोरिन मात्र 0.07 टक्क्यांच्या वर चालत नाही, कारण स्वस्त मालात शुद्ध न केलेलं रॉक फॉस्फेट वापरलं की तेच वाढतं आणि दात-हाडं खराब करतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे ज्यांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड आहे त्यांनी हा आकडा आधी बघावा.

पाकिटावर टक्क्यांऐवजी बऱ्याचदा मिलिग्रॅम छापतात, तिथे गोंधळ होतो. 0.80 टक्के झिंक म्हणजे किलोला 8000 मिलिग्रॅम, 0.10 टक्के कॉपर म्हणजे 1000 मिलिग्रॅम. मी दुकानात उभ्या उभ्या फॉस्फरस आणि झिंक हे दोनच आकडे आधी बघतो. कॅल्शियम स्वस्त असतं, चुनखडीची भुकटी घालून ते कुणालाही वाढवता येतं. फॉस्फरस महाग, त्यामुळे हात आखडतो तो तिथेच. कॅल्शियम 28-30 टक्के आणि फॉस्फरस 4-5 टक्के असं दिसलं तर पाकीट परत फळीवर. ज्यावर आकडेच नाहीत, नुसतं ‘भरपूर दूध, झटपट वजन’ लिहिलंय, ते हातातही घेऊ नका. कोंबड्यांचं मिश्रण तर शेळ्यांना नकोच.

गाईचं चित्र असलेलं मिश्रण शेळीला चालतं, फक्त मात्रा शेळीची हवी. मोठ्या शेळीला दिवसाला 10 ग्रॅम, दुभत्या आणि गाभणीच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत 15 ग्रॅमपर्यंत, करडांना 3 ते 5 ग्रॅम. इथे एक हिशेब बहुतेकांचा चुकतो. ‘100 किलो खुराकात 2 किलो मिनरल, 1 किलो मीठ’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. गाय 4 किलो खुराक खाते, तिला त्यातून 80 ग्रॅम मिळतं. तुमची शेळी 250 ग्रॅम खाते, तिच्या वाट्याला 5 ग्रॅम येतं, म्हणजे निम्मंच. तेव्हा टक्क्याच्या नादी न लागता रोज दहा शेळ्यांमागे 100 ग्रॅम काट्यावर मोजून खुराकात मिसळा. महिन्याला 3 किलो लागेल. तयार गोळीपेंड देत असाल तर त्यात आधीच खनिज असतं, पोत्यावर बघून तेवढं कमी करा. पावडर तळाशी बसते आणि शेळ्या वरचा भरडा खाऊन तोंड फिरवतात, म्हणून खुराक किंचित ओला करून कालवावा.

मीठ वेगळं द्या. बाजारातली बरीचशी मिश्रणं बिनमिठाची असतात. शेळीमागे 5 ते 8 ग्रॅम, साधं आयोडीनयुक्त मीठ पुरतं. तुमच्या शेळ्यांचं भिंत चाटणं कदाचित एवढ्यानेच थांबेल.

विटेचं म्हणाल तर शेळीची जीभ गाईसारखी खरबरीत आणि दणकट नसते. कडक विटेवरून दिवसाकाठी किती ग्रॅम पोटात जातं ते मोजताही येत नाही. दांडगी शेळी तिथेच उभी राहते, लाजरी जवळ फिरकत नाही. शिवाय लाल रंग म्हणजे खनिज असं समजू नका, काही विटा म्हणजे रंगवलेलं मीठच असतं. तिच्यावरचे आकडेही तसेच वाचा.

‘चिलेटेड’ (खनिज सेंद्रिय पदार्थाशी बांधलेलं) लिहिलेलं मिश्रण दीडपट-दुप्पट महाग मिळतं. त्यातलं झिंक, कॉपर चांगलं शोषलं जातं हे खरं, पण दहा शेळ्यांच्या साध्या कळपाला मी ते आधी सुचवणार नाही. शेळ्या वारंवार उलटत असतील (गाभ न धरता पुन्हा माजावर येत असतील) किंवा गुडघ्यावर, तोंडाभोवती खपल्या धरून केस जात असतील तर जरूर विचार करा. मात्र अशा खपल्या खरजेनेही होतात. कातडी खरवडून तपासल्याशिवाय खरजेची इंजेक्शनंही नकोत आणि झिंकही नको. गोठ्यात मेंढ्या असतील तर कॉपर जास्त असलेलं मिश्रण त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका. शेळी जेवढं तांबं पचवते तेवढं मेंढी पचवत नाही, ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक मेंढी जाते.

राहिले बोकड. त्यांची गव्हाण वेगळी करा. लवकर खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनळी अरुंद राहते, आणि वजनासाठी मका, गव्हाचा भुसा भरपूर चारला की स्फुरद वाढून मूतखडा होतो. त्यांच्या एकूण आहारात कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट असावं, म्हणून भुसा कमी करून मेथीघास आणि शेवगा वाढवा. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, यात स्फुरद असतं) वरून घालू नका. पाणी स्वच्छ आणि सतत पुढे असू द्या. मीठ दिलं की पाणी जास्त पितात, तेही बरंच आहे. मूतखडा टाळायला अमोनियम क्लोराईड देतात, ते डॉक्टर सांगतील त्याच मात्रेत द्यायचं. बोकड शेपूट हलवत, पाठ वाकवून जोर लावतोय, थेंबथेंब लघवी होतेय, दात खातोय असं दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. बद्धकोष्ठता समजून तेल पाजण्यात वेळ गेला तर मूत्राशय फुटतं.