काल्पनिक जमातीसाठी चारशे शब्दांची भाषा तयार केली, पण ती खरी वाटत नाही. काय कमी पडतंय?

तुमची अडचण मला समजली ती अशी: कादंबरीतल्या बेटावरच्या जमातीसाठी तुम्ही चारशे शब्दांचा कोश केला आहे, सूर्य-चंद्र-पाण्यापासून युद्ध-प्रेम-मृत्यूपर्यंत सगळं त्यात आहे, व्याकरणाची दोन पानंही आहेत. तरी पात्रं ती भाषा बोलायला लागली की नाटकातली दाढी चिकटवल्यासारखं वाटतं.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही, पण नव्या भाषा रचण्याचा छंद मला बरीच वर्षं आहे. कोश न बघताच एक विचारतो. त्या चारशे शब्दांपैकी कोणता शब्द सासऱ्यासमोर तोंडातून काढता येत नाही? कोणता फक्त बाजारात चालतो? कोणता आजीच्या तोंडी शोभतो आणि नातवाने वापरला तर सगळे हसतात? असा एकही नसेल, तर शब्द भरपूर झालेत आणि ते बोलणारी माणसं अजून यायची आहेत.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मराठी मुलखातले व्यापारी आणि दलाल गिऱ्हाइकासमोर आपापसात भाव बोलायला नंदभाषा वापरत. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तिचे आकडे दिले आहेत: एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू, दहा अंगळू. तिला ना स्वतःचं व्याकरण, ना सूर्य-चंद्राला शब्द. मराठी वाक्यात आकडे आणि व्यवहारातले काही शब्द बदलले की झाली नंदभाषा. भाषाशास्त्राच्या काट्यावर तोलली तर ती भाषाच नव्हे. पण तिच्यामागची माणसं लगेच दिसतात: पेढीवर बसलेला मालक, कापड चाचपणारं गिऱ्हाईक, आणि या दोघांमध्ये काय लपवायचं हे पक्कं ठाऊक असलेला दलाल. पुढे हे आकडे एका जुन्या पदातही शिरले. त्यात शंकराचं वर्णन मुळू वदनांचा, उधानू नेत्रांचा आणि अंगळू हातांचा असं येतं. बाजारातली चोरभाषा थेट देवाच्या स्तुतीत! मूठभर शब्दांना एवढं आयुष्य मिळालं, कारण त्यांना वापरायला जागा होती.

याहून मोठं उदाहरण फिलिपिन्समधलं आहे आणि मला ते कुठल्याही सिनेमातल्या भाषेपेक्षा जास्त शिकवून गेलं. बोहोल बेटाच्या आग्नेय भागातल्या डोंगराळ गावांत एस्काया नावाचा समाज राहतो. रोजचं बोलणं शेजाऱ्यांसारखंच, बिसाया भाषेत. पण त्यांची आणखी एक भाषा आहे, एस्कायन, आणि तिला स्वतःची लिपी आहे. त्या लिपीत हजारावर अक्षरचिन्हं आहेत. समाजाची श्रद्धा अशी की पिनाय नावाच्या पूर्वजाने ही भाषा मानवी शरीरावरून घडवली. अक्षरांचे आकारसुद्धा शरीराच्या अवयवांवरून घेतलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारियानो दाताहान या पुढाऱ्याने ती लोकांसमोर आणली, शिकवली आणि तिच्यात मजकूर लिहवून घेतला. स्पेनची राजवट नुकतीच संपली होती, अमेरिकेशी युद्ध होऊन गेलं होतं, आणि आपण कोण हा प्रश्न त्या डोंगरात अगदी रोकडा होता.

१९८० च्या सुमारास बाहेरच्या जगाला हे कळलं, तेव्हा हौशी मंडळींनी तिचं नातं हिब्रूपासून प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कनपर्यंत कुठेकुठे जोडलं. पुढे पियर्स केली या भाषाशास्त्रज्ञाने बारकाईने अभ्यास केला. त्यातून दिसलं ते असं की वाक्यरचना बिसायाचीच आहे, शब्द मात्र घडवलेले आहेत, आणि घडवणाऱ्यांना स्पॅनिश आणि इंग्रजीचा परिचय होता. म्हणजे तुम्हा-आम्हा छंदिष्टांच्या बैठकीत ज्याला नाक मुरडलं जाईल, नेमकं तेच: ओळखीचं व्याकरण आणि वर नवे शब्द. तरीही ती भाषा पिढ्या ओलांडून टिकली. समाजाच्या स्वतःच्या शाळांत ती शिकवली जाते, तिच्यात प्रार्थना होतात, गाणी म्हटली जातात, पूर्वजांच्या कथा हाताने उतरवून घेतल्या जातात. घरी मासळीचा भाव विचारायला ती कोणी वापरत नाही आणि वापरावी अशी अपेक्षाही नाही.

म्हणून माझा सल्ला: कोश मिटून ठेवा. तुमच्या बेटावर ही भाषा कुठे, कोण, कोणाशी बोलतं आणि कोणाला ती बोलायची मुभा नाही, हे आधी ठरवा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला मॉर्निंग्टन बेटावर लार्डिल लोकांची दामिन नावाची बोली होती, दीक्षा घेतलेल्या पुरुषांची. रोजच्या लार्डिलमध्ये सर्वनामांचा मोठा पसारा. दामिनमध्ये मात्र फक्त ‘मी’ आणि ‘मी सोडून इतर’. एवढा एक निर्णय कळला की ती बोली कोणत्या वातावरणात वापरली जात असेल याचा अंदाज यायला लागतो.

सिनेमावाल्यांनाही भाषा प्रसंगानेच वाढवावी लागली. मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’साठी क्लिंगॉन रचली, तेव्हा ‘असणे’ हे क्रियापद मुद्दाम ठेवलंच नाही. मग १९९१ च्या चित्रपटात पात्राच्या तोंडी हॅम्लेटचं ‘जगावं की मरावं’ घालायचं ठरलं आणि पंचाईत झाली. शेवटी ‘चालू राहणे, टिकून राहणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावर काम भागवलं, आणि लढवय्या जमातीच्या तोंडी ते मूळ वाक्याहून जास्त शोभलं असं माझं मत. ‘अवतार’मधल्या नावी लोकांच्या हाताला चार बोटं, म्हणून पॉल फ्रॉमर यांनी त्यांची गणती आठाच्या पटीत बसवली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या दोथ्राकी लोकांच्या भाषेत ‘धन्यवाद’ला शब्द नाही. या गोष्टी लक्षात राहतात, कारण प्रत्येकीतून त्या लोकांच्या वागण्याबद्दल काहीतरी हाती लागतं. बाकीचे हजारो शब्द चाहत्यांसाठी.

आता व्याकरण. इथे मराठी माणसाच्या हातात असलेली पुंजी आपण विसरतो आणि इंग्रजी पुस्तकं वाचून भाषा रचायला बसतो. ‘आम्ही निघतो’ आणि ‘आपण निघू’ यांतला फरक, म्हणजे ऐकणाऱ्याला सोबत धरायचं की बाहेर ठेवायचं, हा इंग्रजीत नाही. नावीमध्ये तो आवर्जून घातलेला आहे. ‘राम पोळी खातो’ म्हणताना क्रियापद रामाकडे बघतं आणि ‘रामाने पोळी खाल्ली’ म्हणताना पोळीकडे. हे परदेशी छंदिष्टांना शिकावं लागतं, आपण पाळण्यात शिकलो. ‘तो आला म्हणे’ यातल्या ‘म्हणे’ने आपण जबाबदारी झटकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या तुयुका भाषेत ही चैन ऐच्छिक नाही. स्वतः पाहिलं, ऐकलं, खुणांवरून ताडलं की कोणी सांगितलं, हे क्रियापदाच्या शेवटी दाखवावंच लागतं. विचार करा, अशा भाषेत गावगप्पा कशा चालतील, साक्ष कशी होईल, बायकोशी खोटं कसं बोलाल. तुमच्या जमातीला असं काय सांगणं भाग आहे, जे मराठीत मोघम ठेवता येतं? याचं एक उत्तर सापडलं तरी व्याकरणाच्या दोन पानांना जीव येईल.

माझंच एक उदाहरण देतो. एका गोष्टीसाठी मी खाडीकाठच्या मीठ पिकवणाऱ्या लोकांची भाषा रचतो आहे. त्यांच्यात भरतीच्या वेळी दिलेला शब्द बांधील, ओहोटीच्या वेळी दिलेला नाही. सुरुवातीला ही नुसती रूढी होती. मग ती क्रियापदात घातली: ‘तालू सेनेरे’ म्हणजे मीठ देईन, पक्कं, ‘तालू सेनेसू’ म्हणजे देईन, बघू. प्रत्यय एवढे दोनच. पण त्यांनी कामं भराभर लावली. घासाघीस करताना सगळे ‘सू’वर बोलतात आणि सौदा तुटेल असं वाटलं की कोणीतरी ‘रे’वर येतो. मुलीला मागणी घालायला आलेला मुलगा धीर न झाल्याने ‘सू’ वापरतो आणि मुलीची आजी त्याला दारातच अडवते. उधाणाच्या दिवशी म्हातारे तोंड बंद ठेवतात, कारण त्या दिवशीचं बोलणं मागे घेता येत नाही अशी समजूत. शंभरेक शब्दांच्या पुढे ही भाषा गेलेली नाही आणि गोष्टीला त्याहून जास्त लागणारही नाहीत.

याच भाषेत प, फ, ब, भ, म हे ओठ मिटून काढायचे आवाज मी ठेवले नाहीत. खऱ्या जगातही असं आहे. उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक भाषेत मूळचे प, ब, म नाहीत. माझ्या मिठागरवाल्यांची त्यावर एक कथा आहे: बोलताना जो ओठ मिटतो तो काहीतरी गिळतो. मूळ कारण अर्थातच ते नाही; खरं कारण मी ठरवलेलंच नाही. पण लोक आपल्या भाषेबद्दल अशाच कथा सांगतात, एस्कायांसारख्या. तुमच्या जमातीची आपल्याच बोलीबद्दल काय समजूत आहे, आणि शेजारची जमात तिला कशावरून चिडवते, हेही लिहून ठेवा. मला तर हे शब्दांच्या व्युत्पत्तीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आवाजांबद्दल एक गोष्ट मात्र खटकते, ती बोलून टाकतो. वाळवंटातले लोक म्हणून खरखरीत घशातले आवाज, परीसारखे लोक म्हणून ल आणि य, आणि दुष्ट लोक म्हणून चट-चट, ही वाट फार मळलेली आहे. ‘बाहुबली’तल्या कालकेयांची किलिकी आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. मदन कार्की यांनी ती मेहनतीने रचली, सुमारे ७५० शब्द आणि ४० नियम. ‘मी’ला मिन आणि ‘तू’ला उलटून निम, ही युक्तीही झकास. पण जिभेचे चटकारे दक्षिण आफ्रिकेत खोसा, झुलू अशा भाषांत रोज लाखो माणसं काढतात. मंडेलांची मातृभाषा खोसाच. ते आवाज काळ्या रंगवलेल्या रानटी टोळीच्या तोंडी दिले की प्रेक्षक कसला अर्थ घेऊन घरी जातो, याचा विचार रचणाऱ्याने करावा. तुमच्या बेटावरचे खलनायकसुद्धा लेकरांना झोपवताना कोणत्या तरी भाषेत गातच असतील ना?

आता त्या कोशाचं करायचं काय? फेकू नका. चार प्रसंग लिहा: एक भांडण, एक सौदा, एक अंगाई आणि मयताच्या घरी जाऊन बोलायचं बोलणं. हे चारही तुमच्या भाषेत बोलता आले पाहिजेत. अडेल तिथे नवा शब्द करा; या चारांत जे शब्द एकदाही लागले नाहीत ते बाजूला काढा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त बाजूला निघतात. कोशाच्या जागी शिव्या, टोपणनावं आणि जावयाला हाक मारायची पद्धत येते.

कादंबरीच्या पानांवर तर याहूनही कमी उतरवा. वाचक सलग तीन ओळी अनोळखी भाषा वाचत नाही, उडी मारतो. तो वाचतो ती नावं. टोल्किन यांच्या कथांत मिनास तिरिथ आणि मिनास मॉर्गुल अशी दोन ठिकाणं येतात आणि ‘मिनास’ म्हणजे बुरूज असणार हे कोणी न सांगता वाचकाला उमगतं. गावं, खाड्या, होड्या, माणसं यांची नावं एकाच मुशीतली ठेवा, तेवढ्याने अर्धं काम होतं. शेवटी शब्दार्थांची यादी जोडायची की नाही, असंही तुम्ही विचारलंय. जोडू नका, संदर्भावरून न कळणारा शब्द मजकुरातच नको.

नवी लिपी काढण्याचा मोह होईल, तो आवरा. छापली जाणार आहे ती देवनागरी, आणि तिच्यातल्या खाचाखोचा वेळीच बघा. ‘तलक’ असं नाव ठेवलंत तर मराठी वाचक शेवटचा अ खाऊन ‘तलक्’ म्हणणार. तो अ पूर्ण हवा असेल, तर नावाच्या शेवटी आ, ई, ऊ असा स्वच्छ ऐकू येणारा स्वर घ्या. च आणि ज तर आणखी फसवे. ‘चमचा’तला की ‘चहा’तला, ‘जागा’तला की ‘जग’मधला, हे अक्षरावरून कळायला मार्गच नाही. तुमच्या नायिकेचं नाव जाजुरी आहे असं प्रश्नात दिसतंय. ते दहा जणांना मोठ्याने वाचायला सांगा, आणि दोन उच्चार ऐकू आले तर नाव आत्ताच बदला, प्रूफं हातात आल्यावर नको.